ऑफिस-दुकानं भाड्यानं देणाऱ्या मालकांसाठी: इमारतीचे तारे

आमच्या इंदूरच्या ग्राहकांचा नेहमीचा प्रश्न: "सगळे एसी पाच ताऱ्यांचे बसवलेत, मग इमारतही पाच ताऱ्यांची झाली ना?" नाही. एसीवरचे तारे त्या यंत्राचे असतात. इमारतीला वीजबचतीचे तारे मिळतात ते वर्षभरात प्रत्यक्ष जळलेल्या विजेवरून.

हिशेब सोपा आहे. बारा महिन्यांची युनिटं, त्यात जनरेटरचीही धरा, आणि त्यांना पार्किंग वगळून बांधीव क्षेत्रानं भागा. समजा, 15,000 चौरस फूट म्हणजे सुमारे 1,394 चौरस मीटरच्या ऑफिसात वर्षाला 2,09,000 युनिटं लागली. चौरस मीटरमागे साधारण 150 झाली. ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी (बीईई) या केंद्र सरकारच्या ऊर्जाबचत संस्थेनं 2009 मध्ये ऑफिसांसाठी ही योजना आणली. तिच्या मूळ तक्त्यात संमिश्र हवामानातल्या, निम्म्याहून जास्त भाग वातानुकूलित असलेल्या ऑफिसाला 165 ते 190 वर एक तारा आणि 90 च्या खाली पाच तारे होते. आपलं इंदूर याच हवामानगटात येतं. म्हणजे वरच्या ऑफिसाला दोन तारे. अर्ज करताना मात्र चालू तक्ताच पाहायचा.

हे तारे ऐच्छिक आहेत. इंग्लंड-वेल्समध्ये 1 एप्रिल 2023 पासून ऊर्जा-कार्यक्षमतेत 'ई'पेक्षा खालच्या दर्जाची व्यावसायिक जागा, सूट नोंदवलेली नसेल तर, भाड्यानं ठेवता येत नाही. परदेशातल्या मुलांकडून हे ऐकून काही मालक घाबरतात. ताऱ्यांसाठी तशी सक्ती आपल्याकडे नाही. आपल्याकडे बंधन येतं ते बांधताना: 2001 च्या ऊर्जा संवर्धन कायद्याखालची इमारत संहिता 100 किलोवॅट जोडभार (जोडलेल्या सगळ्या उपकरणांची एकूण क्षमता) किंवा 120 केव्हीए करारमागणी (वीज कंपनीशी ठरवलेली कमाल मागणी), अथवा त्याहून जास्त असलेल्या व्यावसायिक इमारतींसाठी आहे. मजला चढवणार असाल, मोठी दुरुस्ती काढणार असाल, तर नकाशा पास होण्याआधी भेटा. भिंती उभ्या राहिल्यावर आम्हालाही फारसं काही करता येत नाही.

खरी अडचण मालक आणि भाडेकरू यांच्यामधली. छत, काचा, लिफ्ट, पंप मालकाचे. बिल भरतो भाडेकरू. छतावर खर्च करून मला काय मिळणार, असं मालकाला वाटतं, आणि दुसऱ्याच्या छतावर मी का पैसे घालू, असं भाडेकरूला. मे महिन्यात वरच्या मजल्याचं छत रात्री उशिरापर्यंत तापलेलं असतं आणि खालचे एसी त्या उष्णतेशी झगडत राहतात. म्हणून आमचा आग्रह असतो की आधी छत, मग पश्चिमेच्या काचा आणि एसी सगळ्यांत शेवटी. छतावर पांढरी चायना मोझॅक (चकचकीत फरशीचे तुकडे) बसवली की फरक हाताला जाणवतो.

करारनाम्यात दोन गोष्टी जरूर लिहून घ्या: भाडेकरू दर महिन्याचं बिल तुम्हाला दाखवेल, आणि सुधारणेचा खर्च कोणी किती उचलायचा. प्रत्येकाचं मीटर वेगळं असेल तर बिलांशिवाय इमारतीचा आकडा निघतच नाही.

पहिल्या भेटीला येताना बारा महिन्यांची सगळी बिलं, मंजूर नकाशा, जनरेटरची नोंदवही आणि करारनाम्याची प्रत आणा. एखाद-दुसऱ्या महिन्याचं बिल सापडत नसेल तरी या, वीज कंपनीकडून प्रत काढून घेऊ.