वेग वाढला की वस्तुमान खरंच वाढतं का?

जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत 27 किलोमीटर घेराच्या वलयात प्रोटॉन शिरतात, तेव्हाच त्यांचा वेग प्रकाशवेगापेक्षा सेकंदाला जेमतेम 650 मीटरनं कमी असतो. पुढची सुमारे 20 मिनिटं विद्युतक्षेत्र त्यांना ढकलत राहतं आणि त्यांची ऊर्जा 15 पट होते. न्यूटनच्या हिशेबानं वेग जवळजवळ चौपट व्हायला हवा. प्रत्यक्षात तो प्रकाशवेगापेक्षा सेकंदाला सुमारे 3 मीटरनं कमीच राहतो.

असं का होतं? ‘वेगामुळे वस्तुमान वाढतं,’ हे उत्तर शाळेपासून ऐकू येतं. मला ते दिशाभूल करणारं वाटतं. प्रकाशाच्या 87 टक्के वेगानं धावणारा कण घ्या. त्याला धावण्याच्या दिशेनंच ढकलायचं, तर ठरावीक त्वरणासाठी न्यूटननं सांगितल्याच्या आठपट बल लागतं. तेवढंच त्वरण काटकोनात द्यायचं, तर दुप्पट बल पुरतं. मग वस्तुमान वाढलं किती, आठपट की दुप्पट? तिरकं बल लावलं तर त्वरण बलाच्या दिशेनं होतही नाही! 1905 मध्ये खुद्द आइन्स्टाइननं या दोन दिशांसाठी दोन वेगळी वस्तुमानं मांडली होती. पुढे 1948 साली लेखक लिंकन बार्नेट यांना लिहिलेल्या पत्रात मात्र, स्थिर अवस्थेतलं वस्तुमान सोडून दुसरं कुठलं वस्तुमान मानूच नये, असं त्यानं सुचवलं.

बदलतं ते संवेगाचं (मोमेंटमचं) सूत्र. बल म्हणजे संवेग बदलण्याचा दर, हा न्यूटनचा 1687 मधला विचार आइन्स्टाइनच्या सापेक्षता सिद्धांतातही टिकून आहे, आणि मला तो त्याच्या प्रतिभेचा फार मोठा पुरावा वाटतो. संवेग मात्र आता नुसता वस्तुमान गुणिले वेग राहत नाही. प्रकाशवेगाच्या जवळ तो हवा तितका वाढू शकतो, वेगाला मात्र मर्यादा आहे. सर्नमधलं बल वाया जात नाही, ते संवेगात साठत जातं.

न्यूटनची खरी अडचण होते ती दुसरीकडे. वस्तुमान म्हणजे द्रव्याची मात्रा, असं त्यानं मानलं होतं. पण प्रोटॉन ज्यांचा बनतो त्या क्वार्क नावाच्या तीन मूळ कणांची वस्तुमानं मिळवली तर बेरीज प्रोटॉनच्या सुमारे एक टक्काच भरते. उरलेलं जवळपास सगळं वस्तुमान म्हणजे क्वार्कांच्या हालचालीची आणि त्यांना बांधून ठेवणाऱ्या ग्लुऑन नावाच्या कणांची ऊर्जा. एकट्या प्रकाशकणाला वस्तुमान नसतं. पण आरशांच्या पेटीत प्रकाश कोंडला, तर पेटीचं वस्तुमान त्या ऊर्जेइतकं वाढतं.