आधी गवा, मग जंगल: परिसंस्थेच्या कल्पनेमागचा इतिहास

दाजीपूरचं जंगल १९५८ साली अभयारण्य झालं ते गव्यासाठी. त्याआधी ते कोल्हापूरच्या छत्रपतींचं राखीव शिकारीचं रान होतं. राखण तेव्हाही होतीच, पण शिकारीच्या जनावरापुरती. १९८५ मध्ये हद्द वाढून राधानगरी अभयारण्य सुमारे ३५१ चौरस किलोमीटरचं झालं आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात त्याची नोंद झाली. आधी शिकार, मग एक प्राणी, मग अख्खं जंगल. परिस्थितिकीशास्त्रही, म्हणजे जीव आणि त्यांचा परिसर यांच्या नात्याचं शास्त्र, एकेका जीवाकडून सगळ्या व्यवस्थेकडे असंच टप्प्याटप्प्याने आलं आहे.

या शास्त्राला नाव मिळालं १८६६ मध्ये, जर्मन प्राणिशास्त्रज्ञ अर्न्स्ट हेकेल यांच्याकडून. पुढे अमेरिकेतले फ्रेडरिक क्लेमेंट्स सांगू लागले की एखाद्या प्रदेशातला वनस्पतिसमूह म्हणजे एकच मोठा जीव. तो जन्मतो, वाढतो, प्रौढ होतो. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर टान्सली यांना हे पटेना. १९३५ मध्ये त्यांनी 'इकोसिस्टिम', म्हणजे परिसंस्था, ही कल्पना मांडली. झाडं, प्राणी, सूक्ष्मजीव आणि त्यांच्याबरोबर माती, पाणी, हवा, ऊन हे सगळं एकाच हिशेबात धरायचं. निर्जीव गोष्टींना इतकं मानाचं स्थान देणं हीच मला या शास्त्रातली सगळ्यात मोठी झेप वाटते.

अन्नसाखळी त्याआधीच मांडली गेली होती. १९२७ मध्ये चार्ल्स एल्टन यांनी दाखवलं की साखळीत वर जावं तशी संख्या घटते. गवत खाणारे पुष्कळ, त्यांना खाणारे मोजके. वरच्या टोकाचे मोजके म्हणूनच लवकर संपतात. कोल्हापूर संस्थानात काळविटाच्या शिकारीसाठी चित्ते पाळत. देशातले चित्ते मिळेनासे झाले, तेव्हा ते आफ्रिकेतून आणावे लागले. १९५२ मध्ये भारतातून चित्ता नामशेष झाल्याचं जाहीर झालं.

ऊर्जेचा हिशेब मात्र एका तळ्यावर जमला. रेमंड लिंडमन हा तिशीही न गाठलेला संशोधक अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात सीडर बॉग या लहानशा तळ्याचा अभ्यास करत होता. शेवाळाने उन्हातून घेतलेली ऊर्जा पुढच्या प्रत्येक पायरीला किती पोचते, हे त्याने मांडलं. सुरुवातीला परीक्षकांनी निबंध नाकारला. तो १९४२ मध्ये छापून आला तेव्हा लिंडमन हयात नव्हता. पाठ्यपुस्तकातल्या 'दहा टक्के ऊर्जा पुढे जाते' या नियमाचं मूळ याच कामात आहे. आकडा ढोबळ आहे, तळ्यागणिक आणि पायरीगणिक तो बदलतो. पण ऊर्जा एका दिशेने वाहते आणि वाटेत उष्णता होऊन निघून जाते, हे पक्कं.

पोषकद्रव्यांचं तसं नाही. नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस) फिरत राहतात, आणि त्यांचं प्रमाण बिघडलं की काय होतं ते आपल्याच कोल्हापूर जिल्ह्यात दोन टोकांना पाहायला मिळतं. पश्चिमेला घाटमाथ्यावर जांभ्या दगडाचे सडे, म्हणजे उघडी पठारं, आहेत. मातीचा थर बोटभर, त्यातलं पोषण पावसाने धुऊन नेलेलं. म्हणून पावसाळ्यात तिथे दवबिंदू आणि सीतेची आसवं यांसारख्या वनस्पती किडे पकडून नत्राची तूट भरून काढतात. ज्यांना सडा ओसाड वाटतो त्यांनी श्रावण-भाद्रपदात तिथे जरूर जावं.

दुसरं टोक कोल्हापूर शहरातला रंकाळा तलाव. इथे नत्र-स्फुरद नाल्यांतून, सांडपाण्यातून, अतोनात आलं. त्यावर केंदाळ (जलपर्णी) माजलं, पाणी शेवाळाने हिरवं झालं. रात्री शेवाळ ऑक्सिजन तयार करत नाही, उलट वापरतं. मेलेलं शेवाळ कुजवताना जीवाणू उरलेलाही संपवतात, आणि मासे मरून काठाला लागतात. केंदाळ काढणं गरजेचं आहे, त्याच्याबरोबर थोडं पोषणही बाहेर जातं. पण काढलेलं काठावरच कुजू दिलं तर ते सगळं पुन्हा पाण्यात उतरतं, आणि नाला वाहत असेपर्यंत नवं केंदाळ येतच राहतं. टान्सलींच्या हिशेबाने पाहिलं तर रंकाळ्याची हद्द तटबंदीपाशी संपत नाही. ज्या घरांचं, गल्ल्यांचं पाणी उतरून तळ्यात येतं, ती सगळी त्याच परिसंस्थेत मोडतात, आणि सफाईचा आराखडा तिथूनच सुरू करावा लागतो.