मोबाइलसमोरचा घास

‘मोबाइल लावल्याशिवाय तोंडच उघडत नाही,’ ही लहान मुलांच्या जेवणाबद्दलची तक्रार नाशिकमध्ये गंगापूर रोडपासून सिडकोपर्यंत घरोघरी ऐकू येते. मोबाइल लावला की वाटी रिकामी होते हे खरं, पण ते मूल जेवलेलं नसतं, त्याला भरवलेलं असतं.

पोट भरू लागलं की जठर ताणलं जातं आणि तो निरोप व्हेगस मज्जातंतूतून मेंदूकडे जातो. आतड्यांतली संप्रेरकंही ‘पुरे’ म्हणून सांगतात. या सगळ्याला पंधरा-वीस मिनिटं लागतात. लक्ष कार्टूनमध्ये असलं की हा निरोप मुलाच्या ध्यानातच येत नाही. मग काही मुलं गरजेपेक्षा जास्त खातात, तर काही घास गालात धरून बसतात आणि जेवण तासभर लांबतं. चिऊ-काऊचा घासही लक्ष वळवतोच, पण तिथे भरवणारी आजी मुलाच्या तोंडाकडे बघत असते. त्याने मान फिरवली की तिचा हात थांबतो. मोबाइल असला की तो थांबत नाही, आणि फरक पडतो तो इथेच.

मोबाइल बंद केल्यावर पहिले तीन-चार दिवस मूल कमी खातं. नेमकी इथेच घरची मंडळी धीर सोडतात. ‘उपाशी राहील’ म्हणून अर्ध्या तासात दुधाची बाटली किंवा बिस्किटाचा पुडा हातात येतो, आणि पुढच्या जेवणाला भूकच उरत नाही. म्हणून दोन खाण्यांमध्ये अडीच-तीन तास फक्त पाणी द्या. वर्षाच्या पुढच्या मुलाला दिवसभरात दूध अर्ध्या लिटरच्या आत ठेवा. त्याहून जास्त दुधाने भूक मरते आणि लोह कमी पडतं. ताटात आधी थोडंच वाढा: दोन वर्षांच्या मुलाला दोन मोठे चमचे वरणभात, दोन चमचे भाजी. मागितलं तर पुन्हा वाढा. अर्ध्या तासाने ताट उचला, रागावू नका. नवी भाजी मुलं आठ-दहा वेळा नाकारतात. ते या वयाला धरूनच आहे, म्हणून ती चिमूटभर का होईना, ताटात येत राहू द्या. नागलीची (नाचणीची) भाकरी किंवा सत्त्व देत असाल तर सोबत लिंबू पिळलेली डाळ किंवा पेरूची फोड असू द्या. क जीवनसत्त्वामुळे धान्यातलं लोह जास्त शोषलं जातं.

नाशिककरांना एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. हंगामात घरात द्राक्षांची पेटी असतेच आणि पडद्याकडे बघणाऱ्या मुलाच्या हातात घोस दिला जातो. अख्खं द्राक्ष गोल, गुळगुळीत आणि मऊ असतं. ते लहान श्वासनलिकेत घट्ट बसतं आणि खोकूनही निघत नाही. पाच वर्षांपर्यंत द्राक्ष उभं चिरून त्याच्या चार फोडी करा. आडव्या चकत्या नकोत, त्याही गोलच राहतात. अख्खे शेंगदाणेही देऊ नका, आणि खाताना मूल बसलेलं असावं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षांखालच्या मुलांना पडदा नकोच, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास. एक ते चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात मिळून 180 मिनिटं हालचाल व्हावी. तीन वर्षांनंतर त्यातली 60 मिनिटं तरी धाप लागेल अशी हवीत. हे एका दमात करायचं नाही. जिना चढणं, पार्किंगमध्ये चेंडू, संध्याकाळी जॉगिंग ट्रॅकवर मोकळं सोडणं, सगळं धरा. एप्रिल-मे मध्ये सकाळी नऊच्या आत किंवा साडेपाचनंतर बाहेर काढा. दमलेल्या मुलाला भूक लागते आणि झोपही. झोपण्याआधी तासभर तरी पडदा बंद ठेवा, कारण लहान मुलांच्या डोळ्यांत मोठ्यांपेक्षा जास्त प्रकाश शिरतो आणि झोप आणणारं मेलाटोनिन दबतं.

मूल कमी खातंय की आपल्याला तसं वाटतंय, हे वाटीवरून नाही, वजनावरून ठरवा. अंगणवाडीत किंवा डॉक्टरांकडे वजन-उंची मोजून वाढीच्या तक्त्यावर मांडून घ्या. रेघ चढती असेल तर मागे लागू नका. वजन दोन-तीन महिने तिथेच अडकलं, चेहरा फिका पडला किंवा मूल माती-खडू खाऊ लागलं, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवून हिमोग्लोबिन तपासून घ्या.