अश्रुपटल व दृष्टीची स्पष्टता

डोळ्याच्या पुढच्या पृष्ठभागावर पसरलेल्या अश्रूंच्या पातळ थराला अश्रुपटल म्हणतात. त्याची जाडी जेमतेम 3 मायक्रोमीटर असते. तरी डोळ्यात शिरणारा प्रकाश सर्वांत जास्त वळतो तो इथेच. हवेचा अपवर्तनांक (पदार्थ प्रकाशाला किती वळवतो याचे माप) 1, अश्रूंचा सुमारे 1.336 आणि त्याखालच्या कॉर्नियाचा (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा) 1.376, म्हणजे मोठी उडी हवा आणि अश्रू यांच्या सीमेवरच पडते. डोळ्याच्या साधारण 60 डायऑप्टर (भिंगाच्या शक्तीचे एकक) शक्तीपैकी 40 हून अधिक या वक्र पृष्ठभागाकडून मिळते. कॉर्नियाच्या पेशींचा सूक्ष्म खडबडीतपणाही अश्रूच झाकतात.

पटलात सर्वांत वर तेलकट अंश असतो. तो पापण्यांच्या कडांतील मायबोमियन ग्रंथींतून येतो आणि बाष्पीभवन रोखतो. त्याखाली पाणी, आणि ते कॉर्नियाला धरून ठेवणारा श्लेष्मा.

पापणी लवते तेव्हा हे पटल नव्याने पसरते, पण लगेच स्थिरावत नाही. पहिला सेकंदभर तेलकट थर वरच्या दिशेने सरकत असतो आणि जाडी असमान असते. पृष्ठभाग गुळगुळीत झाला की पुढचे काही सेकंद प्रतिमा सर्वांत चांगली उमटते. मग पटल विरळ होऊ लागते, तेही सगळीकडे सारखे नाही. जागोजागी वक्रता बदलते, कोमासारखी (प्रतिमा शेपटीसारखी एका बाजूला ओढणारी) विपथने, म्हणजे प्रतिमेतील दोष, वाढतात, प्रकाश विखुरतो आणि फिकट अक्षरे पार्श्वभूमीत मिसळू लागतात. एरवी मिनिटाला 12 ते 15 वेळा पापण्या लवत असल्याने हा बिघाड जाणवण्याआधीच नवे पटल पसरते. मोबाइल किंवा संगणकाकडे टक लावून पाहताना मात्र उघडझाप कमी होते. कित्येकदा पापणी अर्धीच मिटते आणि कॉर्नियाचा खालचा भाग कोरडा राहतो.

‘डोळे मिचकावले की क्षणभर नीट दिसतं, मग पुन्हा धूसर’ ही तक्रार म्हणूनच गांभीर्याने घ्यायला हवी. असा रुग्ण तक्त्यावर 6/6 (म्हणजे सामान्य दृष्टीइतके) वाचू शकतो, कारण प्रत्येक ओळीआधी पापणी लववायला त्याला सवड असते. सलग वाचताना किंवा रात्री गाडी चालवताना ती सवड मिळत नाही.

पटल किती वेळ टिकते हे पाहण्यासाठी डोळ्यात फ्लुओरेसिन रंग घालून स्लिट लॅम्प या डोळे तपासण्याच्या सूक्ष्मदर्शकाच्या निळ्या प्रकाशात तपासतात. शेवटची पापणी लवल्यापासून हिरवट चकाकीत पहिला काळा ठिपका दिसेपर्यंतचे सेकंद मोजतात. 10 पेक्षा कमी भरले तर पटल अस्थिर मानतात. मात्र रंगाच्या थेंबानेच पटल थोडे बदलते. त्यामुळे डोळ्यावर पाडलेल्या प्लासिडो वर्तुळांचे (एकात एक असलेल्या वलयांचे) प्रतिबिंब केव्हा तुटते, हे पाहणे अधिक निर्दोष ठरते. डोळ्यातून परतणाऱ्या प्रकाशलहरींचा आकार मोजणाऱ्या हार्टमन-शॅक संवेदकाने विपथनांतला बदल सेकंदागणिक टिपता येतो.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी याला विशेष महत्त्व आहे. बसवायच्या भिंगाचा नंबर काढताना कॉर्नियाची वक्रता बहुधा अश्रुपटलावरून परावर्तित प्रकाशानेच मोजली जाते. पटल फाटलेले असेल तर त्याच डोळ्याची दोन मापे जुळत नाहीत आणि नंबर चुकू शकतो. अशा वेळी आधी कोरडेपणावर उपचार करून मापे पुन्हा घेतात. मोजणीच्या तोंडावर दाट जेलचे थेंब घालणेही टाळतात. त्यांनी पटल जाड व असमान होऊन माप बिघडते.