निरंक, लागू नाही आणि नुसता रिकामा रकाना

सरकारी कचेरीत माहितीचे तक्ते भरणाऱ्या माणसाला एक गोष्ट लवकर कळते: रकाना मोकळा सोडायचा नाही. सांगण्यासारखं काही नसेल तर ‘निरंक’ लिहायचं. ‘निरंक’ हे उत्तर आहे. पाहिलं, मोजलं, काही निघालं नाही, असा त्याचा अर्थ. मोकळ्या रकान्याचं तसं नाही. भरणारा विसरला, माहिती आलीच नाही, की मुळात प्रश्नच गैरलागू होता, हे त्या पांढऱ्या चौकोनाकडे बघून ओळखता येत नाही.

डेटाबेसमध्ये या पांढऱ्या चौकोनाला ‘नल’ म्हणतात. तो शून्य नव्हे आणि निरंकही नव्हे. एरवी तो निमूट पडून असतो. एक मोठं टेबल फोडून त्याची लहान टेबलं करायला बसलं, की मात्र पायात येतो.

माझ्या पायात तो आला एका लहान वाचनालयाच्या यादीमुळे. दाखल वहीवरून कुणीतरी सगळी पुस्तकं एक्सेलमध्ये टाइप केली होती: दाखल क्रमांक, पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, देणगीदार. बाराशे ओळी. प्रकाशकाच्या कॉलममध्ये एकाच संस्थेची तीन रूपं होती: ‘मौज प्रकाशन गृह’, ‘मौज’ आणि ‘मौज प्र. गृह, मुंबई’. आपल्याला तिन्ही एकच, पण यंत्राच्या लेखी तीन वेगळे प्रकाशक. यावरचा उपाय जुना आणि चांगला आहे. प्रकाशकांची वेगळी यादी करायची, प्रत्येकाला एक क्रमांक द्यायचा आणि पुस्तकांच्या टेबलमध्ये नावाऐवजी तो क्रमांक तेवढा ठेवायचा. नाव एकाच जागी राहतं, चूक निघाली तर एकदाच दुरुस्त करावी लागते. अशा यादीला लुकअप टेबल म्हणतात. टेबलं अशी फोडून मांडण्याच्या विचाराचं मूळ आयबीएममधले संशोधक एडगर कॉड यांच्या १९७० सालच्या शोधनिबंधात आहे.

पहिली पायरी म्हणजे कॉलममधली वेगवेगळी नावं उचलणं. त्यासाठी एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसशी बोलण्याच्या भाषेत, ‘डिस्टिंक्ट’ हा शब्द आहे. तो सगळे नल एका गठ्ठ्यात धरतो. त्यामुळे मौज, पॉप्युलर, राजहंस यांच्या रांगेत एक बिननावाचा प्रकाशकही येऊन बसतो. त्याला सात क्रमांक मिळाला असं धरू. दुसरी पायरी म्हणजे प्रत्येक पुस्तकाच्या प्रकाशकाचं नाव या यादीत शोधून त्याचा क्रमांक पुस्तकापुढे लिहिणं. इथे तुलना ‘बरोबर’च्या चिन्हाने होते आणि नल हा नलच्याही बरोबर नसतो. म्हणजे ज्या पुस्तकांपुढे प्रकाशक नाही, त्यांच्यामुळेच जन्माला आलेला हा सात नंबर त्यांनाच मिळत नाही. तो यादीत बेवारशासारखा पडून राहतो.

नल नलच्या बरोबर का नसावा? दोन बंद पाकिटं समोर ठेवली आणि विचारलं, ‘आतल्या नोटा सारख्याच आहेत का?’ तर प्रामाणिक उत्तर ‘हो’ही नाही आणि ‘नाही’ही नाही. ‘सांगता येत नाही’ हेच खरं उत्तर. एसक्यूएल हे तिसरं उत्तर मानतं. पण गाळणीतून पलीकडे जाऊ देतं ते फक्त ‘हो’ला. ‘सांगता येत नाही’ची वाट ‘नाही’सारखीच अडते. नलच्या बहुतेक भानगडी या एका वाक्यातून निघतात.

पुढच्या महिन्यात नवी पुस्तकं आली आणि तोच प्रोग्रॅम पुन्हा चालवला. ‘यादीत आधीपासून नसलेली नावं तेवढी घाल,’ असं त्याला सांगितलेलं. तो बिननावाचं नाव यादीत शोधतो, पण नल नलशी जुळत नाही, म्हणून ते नवं समजून पुन्हा घालतो. दर महिन्याला एक. ‘एक नाव दोनदा येऊ देऊ नको,’ असा युनिकचा पहारा बसवला तरी पोस्टग्रेएसक्यूएल आणि मायएसक्यूएल हे डेटाबेस नल कितीही येऊ देतात. पाकिटं बंद आहेत, मग ती सारखी कशावरून? मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर एकच नल आत घेतो, दुसऱ्याला दारातच अडवतो. पोस्टग्रेएसक्यूएलनेही २०२२ मध्ये, १५ व्या आवृत्तीत, नलना परस्परांसारखं मानण्याची मुभा दिली, पण ती मागावी लागते.

हे झालं यादी करताना. खरा फटका बसतो तो दोन टेबलं पुन्हा जोडताना. या जोडणीला ‘जॉइन’ म्हणतात आणि साधा जॉइन फक्त जुळलेल्या ओळी देतो. प्रकाशकवार यादी काढली आणि तळाची बेरीज १,११० भरली. बाराशेतली नव्वद पुस्तकं गेली कुठे? ती टेबलमध्ये जागच्या जागी होती. प्रकाशकच नाही, म्हणून जॉइनने त्यांना गाळलं होतं. एररचा संदेश नाही, काही नाही. मी बेरीज पाहिली नसती तर पत्ताही लागला नसता. ‘लेफ्ट जॉइन’ लिहिला की डावीकडच्या टेबलमधली प्रत्येक ओळ येते, जोडीदार मिळो न मिळो. नव्वद परत आली.

देणगीदाराच्या कॉलममध्ये तर याहून गंमत. बहुतेक पुस्तकं विकत घेतलेली, त्यामुळे तो रकाना बहुतेक ठिकाणी मोकळाच. तिथे साधा जॉइन लावला की वाचनालयात फक्त देणगीत आलेली पुस्तकं उरतात!

आणखी एक सापळा आहे, आणि त्यात अनुभवी माणसंही अडकतात. ‘ज्यांचं एकही पुस्तक आपल्याकडे नाही असे प्रकाशक दाखव,’ असं ‘नॉट इन’ (म्हणजे ‘या यादीत नसलेले’) वापरून विचारलं. उत्तर आलं: एकही नाही. पुस्तकांच्या क्रमांकांमध्ये एक जरी नल असला तरी हे उत्तर कोरंच येतं. यंत्राचा विचार असा: एका पुस्तकाचा प्रकाशक झाकलेला आहे, तो नेमका हाच असू शकेल, मग याचं पुस्तक नाहीच असं मी कसं म्हणू? तर्क बिनचूक, पण कामाचा नाही. तिथे ‘नॉट एक्झिस्ट्स’ वापरावं, ते जुळणारी ओळ सापडते की नाही एवढंच बघतं.

आणि काही रिकाम्या जागा तर वेषांतर करून येतात. कुणी आडवी रेघ मारतो, कुणी ‘माहीत नाही’ लिहितो, कुणी नुसती स्पेस दाबतो. लुकअप टेबलमध्ये हे सगळे स्वतंत्र प्रकाशक होतात. उलटही घडतं. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतली, तक्ते हाताळणारी पांडाज ही लायब्ररी ‘एनए’ ही अक्षरं दिसली की ती रिकामी जागा समजते, वेगळं सांगितलं नाही तर. देशांच्या आंतरराष्ट्रीय यादीत ‘एनए’ हा नामिबियाचा संकेत आहे. देशांचं लुकअप टेबल करताना एक आख्खा देश अशा तऱ्हेने पुसला जातो.

एकच खूण पुरत नाही, हे कॉड यांनाही पटलं होतं. त्यांनी पुढे दोन खुणा सुचवल्या: एक ‘उत्तर आहे, पण आपल्याला माहीत नाही’ यासाठी आणि दुसरी ‘प्रश्न लागूच नाही’ यासाठी. तर्काची उत्तरं मग तीनाची चार होतात, आणि रोजच्या वापरातल्या डेटाबेसांनी काही ते स्वीकारलं नाही. कॉड यांचे सहकारी ख्रिस डेट यांनी तर नल मुळातच नको, अशी भूमिका वर्षानुवर्षं मांडली. संकेतांच्या याद्या करणाऱ्यांनी मात्र हा फरक जपला. स्त्री-पुरुष नोंदीसाठीच्या आयएसओ ५२१८ या मानकात चार आकडे आहेत: ० म्हणजे माहीत नाही, १ पुरुष, २ स्त्री आणि ९ म्हणजे लागू नाही. रुग्णांच्या नोंदींसाठीच्या एचएल७ मानकात तर ‘विचारलं, पण उत्तर मिळालं नाही’ आणि ‘विचारलंच नाही’ यांनाही वेगळे संकेत आहेत. डॉक्टरच्या दृष्टीने या दोन गोष्टी मुळीच सारख्या नाहीत. ॲलर्जीच्या रकान्याचा विचार करून पाहा.

मग करायचं काय? देणगीदारासाठी मी वेगळं टेबल केलं. त्यात दाखल क्रमांक आणि देणगीदाराचा क्रमांक. देणगी असेल तरच ओळ, नसेल तर ओळच नाही, त्यामुळे नल उरतच नाही. प्रकाशकासाठी मोह होतो तो लुकअपमध्ये ‘अज्ञात’ अशी एक ओळ घालून मोकळं होण्याचा. मोठमोठ्या कंपन्यांच्या डेटा वेअरहाउसमध्ये, म्हणजे माहितीच्या कोठारांत, असंच करतात, पुष्कळदा त्या ओळीला उणे एक क्रमांक देऊन. साधा जॉइन चालतो, बेरीज जुळते. पण मग कुणीतरी विचारतं, आपल्याकडे सर्वात जास्त पुस्तकं कोणत्या प्रकाशकाची? आणि नव्वद पुस्तकांनिशी ‘अज्ञात’ पहिला येतो. शिवाय प्रकाशक माहीत नसलेली कोणतीही दोन पुस्तकं आता एकाच प्रकाशकाची ठरतात. बंद पाकिटांवर आपणच ‘सारखी’ असा शिक्का मारलेला असतो. म्हणून कारण ठाऊक असेल तरच खास ओळ करावी, नाहीतर रकाना नल ठेवून लेफ्ट जॉइनची सवय लावून घ्यावी, असं माझं मत झालं आहे. आणि फोडण्याआधी व जोडल्यानंतर ओळी मोजाव्यात, हे तर आहेच.

त्या नव्वद ओळी छापून मी ग्रंथपाल बाईंकडे नेल्या. त्यांनी चष्मा वर सरकवला, दाखल वही काढली आणि पहिल्याच नोंदीवर बोट ठेवून हसल्या. ‘अहो, हे रिकामं कुठंय? इथे डिट्टो आहे.’ वहीत वरच्याच प्रकाशकाचं पुस्तक असलं की खाली दोन बारीक रेघा ओढलेल्या. टाइप करणाऱ्याने त्या सोडून दिल्या होत्या. नंतर कुणीतरी ती फाइल पुस्तकांच्या नावांप्रमाणे लावली, त्यामुळे प्रत्येक ओळीच्या वरची ओळच बदलली. म्हणजे ‘माहीत नाही’ आणि ‘लागू नाही’ यांच्या जोडीला तिसरा अर्थ निघाला, ‘वरीलप्रमाणे’. तो कॉड यांच्या खुणांमध्ये नाही.

दाखल क्रमांक शाबूत होता, म्हणून फाइल पुन्हा त्या क्रमाने लावली आणि वही शेजारी ठेवून एकेक नाव भरलं. पंधरा-वीस पुस्तकं उरली. बाई ती कपाटांतून काढून घेऊन आल्या. बहुतेकांची पहिली पानं गेलेली. त्यांचा रकाना नल ठेवला. दोन मात्र पुस्तकं नव्हतीच, गावातल्याच कुणाच्या हातच्या कीर्तनाच्या वह्या होत्या, शाईने लिहून कापडात बांधलेल्या. त्यांच्यापुढे आम्ही ‘लागू नाही’ लिहिलं.