थिएटर रिकामं, तरी ऑपरेशन का नाही?

"कोविडमध्ये हाडांचे, कान-नाक-घशाचे डॉक्टर बसून पगार खात होते," असं छातीठोकपणे सांगणारे अजूनही भेटतात. सर्जन मोकळे होते, थिएटर मोकळं होतं, मग हर्नियाचं ऑपरेशन का लांबलं? एकट्यादुकट्याचं नव्हे. 'कोविडसर्ज' या संशोधकगटाच्या 2020 मधल्या अंदाजानुसार, साथीच्या ऐन भरातल्या 12 आठवड्यांत जगभरात सुमारे 2 कोटी 84 लाख नियोजित शस्त्रक्रिया रद्द होणार किंवा पुढे जाणार होत्या.

एक कारण भूलतज्ज्ञ. श्वासनलिकेत नळी घालणं, व्हेंटिलेटर सांभाळणं हे त्यांचं रोजचं काम आणि आयसीयूला नेमकं तेच हवं होतं. ते तिकडे गेल्यावर रुग्णाला भूल देणार कोण?

दुसरं कारण हवा. खरं तर हा लेख तिच्यासाठीच लिहायला घेतला. थिएटरमधला दाब बाहेरच्यापेक्षा मुद्दाम किंचित जास्त ठेवतात, साधारण 2.5 पास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाचा जेमतेम 40,000वा भाग. तेवढ्यानेही दार उघडलं की हवा आतून बाहेर जाते आणि बाहेरचे जंतू जखमेपर्यंत पोचत नाहीत. पण विषाणू रुग्णाच्या श्वासातच असला, तर हीच व्यवस्था त्याला कॉरिडॉरमध्ये ढकलते. दाब उलटा करावा, तर जखमेला धोका.

भूल देताना श्वासनलिकेत नळी घालतात, तेव्हा विषाणूचे कण हवेत उडतील ही भीती. म्हणून नळी घातल्यावर हवा स्वच्छ होईपर्यंत थांबायचं. किती? समजा, तासाला 20 वेळा हवा बदलते. दर 3 मिनिटांनी खोलीभर नवी हवा येते, पण जुनी सगळी जात नाही, कारण दोन्ही मिसळत राहतात. साबणाच्या पाण्याच्या बादलीत नळ सोडून ठेवला, तर बादलीभर पाणी वाहून गेल्यावरही साबण उरतोच, तसं. एका बदलानंतर उरतात 1/e, म्हणजे 37 टक्के कण. दुसऱ्यानंतर साडेतेरा, तिसऱ्यानंतर 5. 99 टक्के कण जायला 100चा नैसर्गिक लॉगरिदम, म्हणजे 4.6 बदल लागतात: 14 मिनिटं. 99.9 टक्क्यांसाठी 21. जुन्या खोलीत तासाला 6च बदल होत असतील, तर 46 आणि 69 मिनिटं. शिवाय नळी काढताना पुन्हा तेच. 4 ऑपरेशनं म्हणजे 8 थांबे. 46 मिनिटांच्या हिशेबाने सहा तास नुसते वाट बघण्यात.

हे गणित तेव्हा कोविडवर उपाय म्हणून हुंगल्या जाणाऱ्या कापूर-ओव्याच्या पुरचुंडीने बदलत नाही. माणसांवर हायपोक्लोराइट फवारणारे बोगदे तर निव्वळ तमाशा; केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एप्रिल 2020 मध्येच त्याविरुद्ध सूचना काढली होती.

पुढे प्रत्यक्ष मोजमापं झाली, तेव्हा स्नायू सैल केलेल्या रुग्णाला नळी घालताना उडणारे कण एका खोकल्यापेक्षाही कमी निघाले. काही थांबे अनावश्यकच होते म्हणायचे. पण मार्च 2020 मध्ये हे कोणाला ठाऊक होतं?

खरा फटका निवासी डॉक्टरांना. मुंबईचं नायर रुग्णालय एप्रिल 2020 मध्ये कोविडसाठी राखीव झालं. अशा ठिकाणी सर्जरी शिकायला आलेला डॉक्टर ऑक्सिजनची पातळी नोंदवत राहिला. एमएसची, म्हणजे सर्जरीच्या पदव्युत्तर शिक्षणाची, वर्षं तीनच, आणि हात बसतो तो ऑपरेशनं करूनच. त्यात 2021ची नीट-पीजी ही पदव्युत्तर प्रवेश परीक्षा एप्रिलऐवजी 11 सप्टेंबरला झाली, जागावाटपाचं समुपदेशन जानेवारी 2022 मध्ये सुरू झालं. म्हणजे वॉर्डात नवी तुकडीच नाही. त्याआधी, मे 2021च्या सुमारास, म्युकरमायकोसिसची लाट आली होती आणि 'बसून पगार खाणारे' कान-नाक-घसा, डोळे आणि जबड्याचे सर्जन बुरशीने कुजलेले सायनस दिवसरात्र साफ करत होते.