कुट्याचा हिशेब

ट्रॉलर लागतात अशा कुठल्याही बंदरावर पहाटे जा. नजर आपसूक पापलेट, सुरमई, कोळंबीच्या टोपल्यांकडे वळते, कारण गलका आणि लिलाव तिथेच चाललेला असतो. जरा कडेला, टेम्पोच्या हौद्यात, करड्या रंगाचा एक ओलसर ढीग पडलेला दिसेल. बोटभर ढोमा, चिरडलेल्या कुर्ल्या, चोरबोंबील, शिंगाळ्याची पोरं, नीट पाहिलं तर पापलेटची नाण्याएवढी पिल्लंसुद्धा. त्याचा लिलाव पुकारला जात नाही, तो वजनावर जातो. याला म्हणतात कुटा.

या कुट्याकडे वळण्याआधी काही आकडे पाहू. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर २०१७ मध्ये ३.८१ लाख टन मासळी उतरली, २०१८ मध्ये २.९५ लाख टन आणि २०१९ मध्ये जेमतेम २.०१ लाख टन. शेवटचा आकडा ४५ वर्षांतला नीचांक होता. त्या वर्षी ‘क्यार’ आणि ‘महा’ या चक्रीवादळांनी ऐन हंगामात बोटी बंदरात अडकवून ठेवल्या होत्या, हे खरं. पण वाचताना ‘उतरली’ या शब्दावर थोडं थांबायला हवं. संस्थेचे सर्वेक्षक ठरलेल्या दिवशी निवडक बंदरांवर जातात, आलेल्या बोटींपैकी काहींची मासळी जातवार नोंदवतात आणि त्या नमुन्यावरून साऱ्या किनाऱ्याचा अंदाज बांधतात. पद्धत पक्की आहे, जगात नावाजलेली आहे. मात्र सर्वेक्षक उभा असतो धक्क्यावर, आणि जाळं उपसलं जातं तिथून कित्येक मैल दूर. मधल्या प्रवासात जे पुन्हा पाण्यात गेलं, ते त्याला दिसणार कसं?

आणि पाण्यात बरंच जातं. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या २०१९ च्या अहवालाप्रमाणे जगभरात वर्षाला सुमारे ९१ लाख टन समुद्री जीव पकडून परत फेकले जातात. एकूण पकडीच्या जवळपास ११ टक्के. त्यातला ४६ टक्के वाटा एकट्या तळाशी ओढल्या जाणाऱ्या ट्रॉल जाळ्यांचा.

ट्रॉलच का, हे कोळंबीमुळे कळतं. कोळंबी तळाच्या चिखलात राहते, म्हणून जाळंही तळ खरवडत न्यावं लागतं. कोळंबी लहान, तेव्हा जाळ्याचे डोळेही बारीक. थंड समुद्रात एका जागी दोन-चार जातीच राज्य करतात. आपल्या उष्ण अरबी समुद्रात त्याच चिखलात शेकडो जाती शेजारी नांदतात. कोळंबीसाठी टाकलेलं जाळं वर येतं तेव्हा त्यात लेप, वाकटी, म्हाकूल, शंख-शिंपले, समुद्री साप, आणि पुढचे पाय दुमडून बसणाऱ्या मॅंटिस श्रिंपचे ढीगच्या ढीग असतात. डेकवर जाळं सुटलं की खलाशी भराभर निवड करतात. उरलेलं फावड्याने समुद्रात. पण तोवर बहुतेक जीव दबून, गुदमरून किंवा उन्हाने मेलेले असतात. ‘परत सोडलं’ हा शब्द इथे फार सौम्य आहे. बोटीमागे घिरट्या घालणाऱ्या कुरव पक्ष्यांची मात्र चंगळ.

फेकायचं की ठेवायचं, हे बर्फ ठरवतो. आठ-दहा दिवसांच्या फेरीत खणातली जागा आणि बर्फ दोन्ही मोजके. पहिल्या दिवसांचा कचरा साठवून काय करायचं? तो समुद्रातच जातो. बंदराकडे वळण्याआधीच्या शेवटच्या जाळ्यांतला तेवढा बोटीवर राहतो. म्हणून धक्क्यावरच्या कुट्यावरून अख्ख्या फेरीत काय वर आलं याचा अंदाज बांधायला गेलं, तर फसगत होते. काही संशोधकांनी यावर सोपा उपाय केला: तांडेलांनाच, म्हणजे बोटीच्या प्रमुखांनाच, विनंती करून न निवडलेल्या मासळीचे नमुने बर्फाच्या पेटीत भरून आणवले.

युरोपात फेकाफेकीचं कारण निराळं होतं. तिथे जातवार कोटा असतो. कॉडचा कोटा संपला आणि जाळ्यात कॉड आला तर तो चांगला खाण्याजोगा मासा समुद्रात टाकावा लागे. नॉर्वेने १९८७ मध्ये कॉड आणि हॅडॉक फेकण्यावर बंदी आणली. युरोपीय संघाने २०१३ मध्ये नियम बदलून २०१५ ते २०१९ दरम्यान टप्प्याटप्प्याने कोट्यातली सगळी मासळी बंदरावर आणणं सक्तीचं केलं. अर्थात खोल समुद्रात बघायला कोण जातं, हा प्रश्न तिथेही सुटलेला नाही.

आपल्याकडे असा कायदा नसतानाही फेकलं जाणारं बरंचसं बंदरावर येऊ लागलं, कारण त्याला गिऱ्हाईक मिळालं. कोळंबीची शेती आणि कोंबडीपालन वाढलं, तसे मासळीची भुकटी करणारे कारखाने पश्चिम किनाऱ्यावर उभे राहिले. एक किलो भुकटीला साधारण चार ते पाच किलो ओली मासळी लागते. कागदावर पाहिलं तर ही सुधारणाच: वाया जाणारं कामी आलं. मला ती तशी वाटत नाही. पूर्वी पिल्लांनी भरलेलं जाळं म्हणजे वाया गेलेलं डिझेल, आणि तांडेल ती जागा टाळायचा. आता तीच पिल्लं डिझेलचा काही खर्च भरून काढतात. शिवाय उतरलेल्या मासळीच्या बेरजेत कुटाही टनांनीच मोजला जातो. सुरमईचे टन घटले आणि कुट्याचे वाढले, तर एकूण आकडा आहे तसाच राहतो.

उपायांमधला मला सर्वांत आवडणारा अगदी साधा आहे. ट्रॉलच्या टोकाच्या पिशवीला नेहमीचे डोळे शंकरपाळ्यासारखे असतात. जाळं ओढलं की ताणाने ते मिटतात, मग कागदावर डोळा कितीही मोठा असो. तेच डोळे चौकोनी लावले तर ताणातही उघडे राहतात आणि बारकी मासळी पाण्याखालीच, जिवंत, निसटून जाते. म्हणूनच ४० मिलिमीटरच्या चौकोनी डोळ्यांची पिशवी वापरा असं सांगितलं जातं. चौकोनी डोळ्यांतून थोडी विकाऊ कोळंबीही सुटते, आणि एकाने पिशवी बदलून शेजारच्या बोटीने बदलली नाही तर नुकसान एकट्याचंच. तेव्हा आढेवेढे का घेतले जातात, हे समजू शकतं.

महाराष्ट्राने २०२३ मध्ये पापलेटला राज्य मासा केलं आणि ५४ जातींसाठी पकडीची किमान लांबी ठरवली; पापलेटसाठी ती १३५ मिलिमीटर आहे. पट्टी लावायची तर लिलावातल्या पापलेटला सहज लावता येईल, ते एकेक मांडलेलं असतं. कुट्याच्या टेम्पोत मात्र पापलेटचं पिल्लू, ढोमा आणि तुटलेली कुर्ली एकाच फावड्यात येतात, आणि तिघांचा भाव एकच असतो.